ॲबटसाहेबांची निवृत्ती आणि मराठवाड्याचे संत

मराठीत ‘निवृत्ती’ हा शब्द दोन ठिकाणी चालतो. ट्रेझरीत आणि पंचायत समितीच्या कचेरीत तो पेन्शनशी बांधलेला आहे. अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली, शाल-श्रीफळ झाले, भाषणे झाली, माणूस निवृत्त झाला. कीर्तनात हाच शब्द प्रवृत्तीच्या उलट म्हणून येतो. तिथे निवृत्ती म्हणजे संसारातून मन काढून घेणे. आमच्या मुखेडसारख्या तालुक्याच्या गावात या दोन्ही निवृत्ती एकाच माणसाच्या वाट्याला येतात. काल मस्टरवर सही करणारा मनुष्य आज वीरभद्राच्या किंवा महादेवाच्या देवळात पोथी ऐकायला बसतो, आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. आपल्याकडे आश्रमव्यवस्थेने या वयासाठी आधीच एक जागा राखून ठेवली आहे.

ख्रिस्ती माणसासाठी अशी राखीव जागा नाही. त्याच्या धर्मात वानप्रस्थाश्रम नाही. बायबलमधले म्हातारे तर निवांत बसलेले दिसतच नाहीत. अब्राहाम पंचाहत्तराव्या वर्षी हारान सोडून अनोळखी देशाकडे निघतो. लूकच्या शुभवर्तमानातली हन्ना चौऱ्याऐंशीची असते, आणि मंदिरात तिला बाळ येशूचे दर्शन घडते ते त्या वयात. मग मराठी मुलखात राहिलेल्या, मराठीत प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती माणसांनी आपल्या उतारवयाचे काय केले, हा प्रश्न मला पडला. त्याचा शोध घेताना चार माणसे समोर आली. त्यांतल्या एकाने आपली पेन्शनीची वर्षे ज्या कामात घालवली, ते काम बरेचसे आमच्या मराठवाड्याचे होते. म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो.

जस्टिन एडवर्ड्स ॲबट यांचा जन्म १८५३ चा, अमेरिकेतला. त्यांचे वडील अमोस ॲबट हेही अमेरिकन मराठी मिशनचे, नगर भागात काम केलेले. म्हणजे या घरात मराठी आली ती बापाच्या पिढीपासून. जस्टिन १८८१ मध्ये मिशनरी म्हणून मुंबईला आले आणि जवळजवळ तीस वर्षे तिथे राहिले. उपदेश, शाळा, मिशनची व्यवस्था ही मिशनऱ्याची ठरलेली कामे त्यांनी केली. जोडीला जुने शिलालेख आणि ताम्रपट वाचण्याचाही त्यांना नाद होता. १८९५ च्या १० फेब्रुवारीला नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत याच मिशनच्या मंडळीत झाला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ॲबटसाहेबांचे नाव त्यामुळेच ओळखीचे आहे. १९१० च्या सुमारास ते निवृत्त होऊन अमेरिकेला परतले आणि न्यू जर्सी राज्यातल्या समिट या गावी राहू लागले. तेव्हा ते सत्तावन्नच्या आसपास होते.

इथवर ही कहाणी कोणाही मिशनऱ्याची असू शकते. असे अनेक साहेब मायदेशी गेले, आठवणींची पुस्तके लिहून गेले. ॲबट मराठी पोथ्यांकडे वळले. पंडित नरहर गोडबोले यांच्या सहकार्याने त्यांनी मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत आणायला घेतली. ‘महाराष्ट्राचे संतकवी’ अशा अर्थाचे नाव असलेल्या या मालेतला पहिला भाग, भानुदासांचा, १९२६ मध्ये निघाला. तेव्हा अनुवादकाचे वय बहात्तर पूर्ण झाले होते, म्हणजे अब्राहामाहून तीनच वर्षे कमी. १९२७ मध्ये एकनाथ, १९२८ मध्ये ‘भिक्षुगीता’ आणि दासोपंत, १९२९ मध्ये बहिणाबाई आणि स्तोत्रांचा एक संग्रह, १९३० मध्ये तुकाराम, १९३२ मध्ये रामदास. सहा-सात वर्षांत आठ पुस्तके. ज्या वयात आपल्याकडे डोळ्यांचे ऑपरेशन झाले की माणूस वर्तमानपत्रसुद्धा नातवाकडून वाचून घेतो, त्या वयात हा गृहस्थ ओवीचा एकेक चरण सोडवीत बसला होता.

आता ही नावे पुन्हा एकदा पाहा. भानुदास पैठणचे. त्यांचे पणतू एकनाथही पैठणचे. दासोपंत बीदरकडच्या नारायणपेठचे, आणि त्यांची कर्मभूमी अंबाजोगाई. बहिणाबाईंचा जन्म वेरूळजवळच्या देवगावचा. रामदास जांबचे, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातले. या यादीत देहूचे तुकोबा एकटेच पुणे प्रांताचे. बाकी सगळे संत ज्या भूमीत जन्मले ती ॲबट लिहीत होते तेव्हा निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याची दरबारी भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मुखेड, देगलूर, कंधार, उदगीर या पट्ट्यातल्या मराठी पोराला आपली भाषा घरी, शेतात आणि देवळातल्या पोथीत भेटत असे; कचेरीत नव्हे. याच काळात समुद्रापलीकडे एक म्हातारा पाद्री आमच्या मुलखाच्या संतांना जगापुढे नेत होता. पुण्याचा ‘संतमहाराष्ट्र’ आणि मराठवाड्याचा मागासलेपणा अशी वाटणी आपण स्वतःच पुष्कळदा मान्य करून टाकतो. ॲबट यांच्या मालेतली नावे त्या वाटणीला बसत नाहीत.

दासोपंतांच्या पुस्तकापाशी मी विशेष थांबतो. अंबाजोगाईच्या या दत्तभक्ताचा काळ १५५१ ते १६१५ असा मानतात. सवा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ आणि लांबच लांब कापडावर लिहिलेली ‘पासोडी’ यांमुळे त्यांचे नाव आजही निघते. त्यांची लहानपणची कथा आमच्या भागात सांगितली जाते. बीदरच्या दरबारात वडिलांकडून साऱ्याचा भरणा झाला नाही, म्हणून मुलाला ओलीस ठेवले. मुदतीत रक्कम आली नाही तर मुलाला मुसलमान करण्यात येईल असे ठरले. शेवटच्या घटकेला श्रीदत्तात्रेय सेवकाच्या रूपाने येऊन पैसे भरून गेले आणि मुलगा आपल्या धर्मात राहिला. कथेचा सगळा जीव धर्म टिकण्यात आहे. ती इंग्रजीत नेणाऱ्याने मात्र लोकांनी धर्म बदलावा म्हणून तीस वर्षे काम केले होते. मुंबईत तरुण असताना त्यांच्या हातात ही कथा पडली असती तर त्यांनी तिचा अनुवाद केला असता का, हे सांगणे कठीण आहे. पंचाहत्तरीत त्यांनी तो केला, आणि चमत्कारासकट केला.

यामागचा हेतू काय? एक उत्तर असे देता येईल की मिशनऱ्याला हिंदू मन समजून घ्यायचे होते, म्हणजे पुढच्या मिशनऱ्यांना काम सोपे जाईल. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. त्या काळात मराठी संतांकडे वळलेले ॲबट एकटे नव्हते. निकोल मॅकनिकल यांनी निवडक अभंगांचा इंग्रजी अनुवाद १९१९ मध्येच काढला होता, आणि पुढे जे. एफ. एडवर्ड्स यांनी ज्ञानेश्वरांवर पुस्तक लिहिले. मिशनच्या जगातच संतांविषयी आदराची एक लाट आली होती. तिच्यामागे टिळकांसारख्या मराठी ख्रिस्ती माणसांचा मोठा वाटा होता. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे टिळक सांगत, आणि ते अनेकांनी ऐकले होते.

तरीही हेतूचे हे उत्तर अपुरे आहे. प्रचाराच्या कामासाठी निवडक वेचे पुरतात. त्यासाठी महीपतीची चरित्रेच्या चरित्रे उतरवावी लागत नाहीत. ॲबट यांची भिस्त मुख्यतः महीपतीवर होती. महीपती राहुरीजवळच्या ताहाराबादचे, १७१५ ते १७९० या काळातले. ते गावचे कुलकर्णी. पूजेत असताना जहागीरदाराचे तातडीचे बोलावणे आले. काम उरकून ते परतले, कानावरची लेखणी देवापुढे ठेवली, आणि यापुढे ही लेखणी संतांखेरीज कोणाच्या चाकरीत चालणार नाही असे ठरवले, अशी आख्यायिका आहे. एका राजीनाम्यातून ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ निघाले, आणि दुसऱ्या एका निवृत्तीत त्यांना इंग्रजी वाचक मिळाला. आपल्या धर्माची चाकरी संपल्यावर ॲबट यांना महीपतीच जवळचा वाटला, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

‘भिक्षुगीता’ हे या मालेतले लहानसे पुस्तक या विषयाच्या दृष्टीने मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. एकनाथी भागवताच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या एका कृपण ब्राह्मणाची गोष्ट आहे. त्याने जन्मभर पैसा गोळा केला, ना स्वतः खाल्ले ना कोणाला घातले. उतारवयात सगळे गेले. काही भाऊबंदांनी नेले, काही चोरांनी, काही राजाने. हातात काही उरले नाही तेव्हा तो भिक्षू झाला. लोक त्याच्या अंगावर थुंकले, त्याची झोळी हिसकावली, आणि तो आपल्या दुःखाचे कारण शोधीत राहिला. ते त्याला ना लोकांत सापडले ना ग्रहांत. सापडले ते स्वतःच्या मनात. म्हातारपणी अचानक घडलेल्या नुकसानीतून माणसाला दृष्टी येते, ही गोष्ट पैठणच्या नाथांनी ओवीत सांगितली. ती इंग्रजीत नेणारा ख्रिस्ती म्हातारा तेव्हा चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर वर्षांचा होता. दोघांमध्ये साडेतीनशे वर्षांचे अंतर. त्या अध्यायातले दुःख कळायला धर्म एक असावा लागत नाही.

या मालेतले बहिणाबाईंचे पुस्तकही असेच. बहिणाबाईंनी १७०० साली, देह ठेवण्याच्या वेळी, आपल्या मुलाला आपल्या मागल्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. त्याआधी त्यांनी स्वतःचे आयुष्यही अभंगांत सांगून ठेवले होते. नवऱ्याचा मार, वासरावरची माया, तुकोबांचा स्वप्नातला उपदेश, सगळे. मराठी बाईने स्वतःविषयी सांगितलेल्या पहिल्या मोठ्या कथनांपैकी हे एक. ॲबट यांनी ते १९२९ मध्ये इंग्रजीत आणले. त्यानंतर पाचच वर्षांनी दुसऱ्या एका मराठी बाईचे आत्मकथन पुस्तकरूपाने येऊ लागले. ते लक्ष्मीबाई टिळकांचे.

लक्ष्मीबाईंकडे जाण्याआधी टिळकांच्या निवृत्तीचे पाहिले पाहिजे, कारण तिची किंमत लक्ष्मीबाईंनी भरली. टिळकांचा जन्म १८६१ चा. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला, पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्यास घेतला. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ या नावाने त्यांनी एक बंधुसमाज काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची कल्पना होती. मिशनच्या पैशावर आणि परदेशी हुकमतीवर उभी असलेली मंडळी आपल्या लोकांना कधी आपली वाटणार नाही, हा विचार त्यांच्या मनात बरीच वर्षे घोळत होता. त्या विचाराला वाट मिळाली ती संन्यास या हिंदू शब्दातून. ज्या धर्मात चौथा आश्रम नाही, त्या धर्मात टिळकांनी तो आणून बसवला.

हे पाऊल मोठे होते यात शंका नाही. पण संन्याशाला घर असले, बायको असली, तर त्या घराचा खर्च कोणी चालवायचा? १८९५ मध्ये टिळकांनी धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाई नवऱ्यापासून काही वर्षे दूर राहिल्या होत्या. पुढे त्या स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. संसार पुन्हा मांडून दीड तप झाले आणि पगार बंद झाला. टिळकांच्या पुण्याईचे वर्णन करताना आपण हा हिशेब गाळतो. दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. ‘देवाचा दरबार’ त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या. लिहिणेवाचणे जे आले ते घरात, नवऱ्याच्या लहरीप्रमाणे, सुटत-धरत. आता पोटासाठी त्यांना मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम धरावे लागले. पुढे मुलाच्या, देवदत्ताच्या, संसाराबरोबर त्यांनी कराचीही पाहिली.

या बाईच्या उतारवयात काही घडेल असे त्या वेळी कोणाला वाटले असेल? पण ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. संन्यास नवऱ्याने घेतला आणि लेखन बायकोच्या हातून झाले. स्वतःची फजिती, नवऱ्याचे विक्षिप्तपण, सोवळ्याओवळ्याचा जाच, मिशनमधल्या लोकांचे लहानमोठेपण, हे सारे त्यांनी अशा मराठीत सांगितले की तसे गद्य त्यांच्या आधी कोणी लिहिलेले मला माहीत नाही. याच्याच जोडीला दुसरे काम चालू होते. टिळकांनी येशूच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य घेतले होते आणि दहा-अकरा अध्यायांवर ते सोडून ते गेले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. ज्या ओवीत नाथांनी भागवत सांगितले आणि महीपतीने संत सांगितले, त्याच ओवीत एका म्हाताऱ्या विधवेने ख्रिस्त सांगितला. १९३६ च्या २४ फेब्रुवारीला त्या गेल्या.

चौथे नाव पंडिता रमाबाईंचे. त्यांना निवृत्ती ठाऊकच नव्हती. केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो स्त्रिया आणि मुले त्यांच्यावर अवलंबून होती. तरी उतारवयातली जवळपास अठरा वर्षे त्यांनी एका कामाला दिली. ते काम म्हणजे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळे बायबल सोप्या मराठीत आणणे. त्यासाठी त्या दोन्ही भाषा त्यांनी शिकून घेतल्या. प्रचारात असलेले भाषांतर बायकांना कळत नाही, त्यातले संस्कृत शब्द त्यांना परके वाटतात, अशी त्यांची तक्रार होती. संस्कृतच्या पंडितेनेच ती करावी यात मौज आहे. छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून झाली.

आपल्या मागे हे सारे मुलगी मनोरमा चालवील असा रमाबाईंचा विश्वास होता. मनोरमा शिकलेली, कामात मुरलेली. निजाम राज्यातल्या गुलबर्ग्यात १९१२-१३ च्या सुमारास मुलींची शाळा निघाली, तिच्यामागेही या मायलेकी होत्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. म्हातारपणाच्या आश्चर्यांबद्दल बोलताना आपण गोड आश्चर्येच मोजतो. हेही एक आश्चर्यच होते, आणि कोणत्याही श्रद्धेने त्याचे दुःख कमी होते असे मी म्हणणार नाही. रमाबाई भाषांतराला पुन्हा बसल्या. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. मुलीनंतर नऊ महिनेही झाले नव्हते.

इथे एक हरकत घेता येईल, आणि ती रास्त आहे. ही चारही माणसे असामान्य. तिघे जन्माने ब्राह्मण, चौथा साहेब. मराठी ख्रिस्ती समाजातले बहुसंख्य लोक महार-मांग समाजातून आलेले होते. त्यांच्या उतारवयाचे काय? मराठवाड्यात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. तिथल्या किंवा नगर-बीदरकडच्या वस्त्यांतल्या शेतमजुराला पेन्शन नव्हती. त्याची निवृत्ती हातपाय चालेनासे होतील त्या दिवशी. लेखणी ठेवायला मुळात कानावर लेखणी असावी लागते. त्यांच्या म्हातारपणी काय नवे घडले, हे छापील कागदावर फारसे उतरलेले नाही. म्हणून चौघांची कथा ही सगळ्या समाजाची कथा म्हणून मी सांगत नाही. पण या समाजातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातून, ज्यांच्याकडून कोणी काही अपेक्षा करीत नव्हते त्यांच्याही हातून, मराठीत किती मोठे काम झाले याची नोंद तरी व्हावी. लक्ष्मीबाईंच्या कामाला त्या काळी कोणी संशोधन किंवा महाकाव्य म्हणून वाट पाहत बसले नव्हते.

चौघांत समान काय, असे विचारले तर दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे उतारवयात चौघेही त्या भूमीच्या भाषेकडे आणि छंदाकडे अधिक खोल गेले. ख्रिस्ती श्रद्धा त्यांना मराठीपासून दूर घेऊन जाईल असे त्यांच्या तरुणपणी अनेकांना वाटत होते. टिळकांच्या बाप्तिस्म्याने आणि रमाबाईंच्या धर्मांतराने गावोगाव जो संताप झाला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती. घडले उलट. संन्यास, ओवी, अभंग, बायकांना कळेल अशी मराठी आणि पैठण-अंबाजोगाईचे संत, इथे ही माणसे येऊन पोहोचली. यामुळे धर्मांतराविषयीचे सगळे वाद मिटतात असे नाही. तरुणपणच्या एका निर्णयावरून माणसाचा हिशेब बंद करू नये, इतके मात्र यातून नक्की निघते.

दुसरी गोष्ट अशी की हातात घेतलेले काम पूर्ण झालेले यांच्यापैकी कोणीच पाहिले नाही. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले. रमाबाईंचे मराठी बायबल छापून बाहेर पडले १९२४ मध्ये, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. ‘ख्रिस्तायन’ ग्रंथरूपात आले १९३८ मध्ये, तेव्हा लक्ष्मीबाईही नव्हत्या. ॲबट १९३२ मध्ये वारले. महीपतीच्या ‘भक्तविजया’चा त्यांचा अनुवाद १९३३-३४ मध्ये दोन खंडांत निघाला, आणि मालेचा शेवटचा भाग, ‘भक्तलीलामृता’तल्या निवडक चरित्रांचा, १९३५ मध्ये. त्याची शेवटची जुळणी गोडबोले आणि एडवर्ड्स यांच्या हातून झाली. ॲबट यांना बहुधा हे ठाऊक असावे, कारण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी इतक्या मोठ्या पोथीला हात घालणारा माणूस दुसरा कोणता हिशेब करणार?